गोदीत नवी जहाजे पाहायला जाताना

मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही गोदी बहुधा भिंतीबाहेरूनच ठाऊक असते. शहीद भगतसिंग मार्गावरून जाताना लायन गेट दिसते, डॉकयार्ड रोडला लोकल थांबली की इमारतींच्या वर क्रेनच्या माना दिसतात, आणि आतले जग आपल्यासाठी नाही असे मानून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात वर्षातून काही दिवस आणि काही विशिष्ट मार्गांनी सामान्य नागरिकाला आत जाता येते. मात्र संग्रहालयाला जातो तसे तिकीट काढून गेले की दार उघडते, असा हा प्रकार नाही. गेल्या काही वर्षांत घरातील मुलांना, शेजाऱ्यांना आणि एकदा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या गटाला घेऊन मी या खेपा केल्या, त्यांत झालेल्या चुकांवरून हे मार्गदर्शन लिहीत आहे.

आधी कोणत्या गोदीत जायचे ते ठरवा

मुंबईत 'गोदी' या एका शब्दाखाली निरनिराळ्या जागा येतात आणि नवख्या माणसाची पहिली गफलत येथेच होते. फोर्टात समुद्राकडेला आहे ती नौदलाची गोदी, म्हणजे नेव्हल डॉकयार्ड. तेथे जहाजे नांगरतात, दुरुस्त होतात आणि सोहळ्याने नौदलात दाखल होतात. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी येथे जहाजबांधणीचा पाया घातला, १७५० साली येथील पहिली सुकी गोदी (पाणी काढून टाकून जहाज कोरडे उभे करण्याची जागा) तयार झाली, आणि वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. दुसरी जागा माझगावची, म्हणजे माझगाव डॉक शिपबिल्डर्स. येथे जहाजे नव्याने बांधली जातात. १९३४ साली कंपनी झालेला हा कारखाना १९६० साली सरकारने ताब्यात घेतला. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका 'निलगिरी' येथेच तयार होऊन १९७२ साली नौदलात गेली, आणि त्याच नावाची नवी 'निलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजी 'सुरत' ही विनाशिका व 'वागशीर' ही पाणबुडी यांच्यासोबत नौदलात दाखल झाली. ही तिन्ही जहाजे माझगावची, पण सोहळा झाला फोर्टातील नौदलाच्या गोदीत. हा फरक एकदा डोक्यात बसला की कोणाकडे अर्ज करायचा हा प्रश्न निम्मा सुटतो.

तयार जहाज चालत्या स्थितीत, खलाशांसह पाहायचे असेल तर नौदलाची गोदी किंवा तटरक्षक दल हे मार्ग आहेत. अर्धवट जहाज, म्हणजे पत्रा, जोडकाम (वेल्डिंग) आणि उघड्या नळ्या पाहायच्या असतील तर माझगाव. दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा हट्ट धरू नये.

गस्तीचे जहाज आणि संशोधनाचे जहाज: ओळख करून घ्या

घरून निघण्यापूर्वी एवढा अभ्यास आवश्यक आहे, कारण त्याशिवाय सगळी जहाजे सारखीच दिसतात आणि माणूस तोफेजवळ उभा राहून परत येतो.

सर्वात सोपी खूण रंगाची आहे. नौदलाची लढाऊ जहाजे राखाडी असतात. समुद्राचा तळ मोजणारी सर्वेक्षण जहाजे नौदलाचीच असली तरी पांढरी असतात आणि त्यांचे धुराडे पिवळसर असते. तटरक्षक दलाची जहाजेही पांढरी, पण त्यांच्या अंगावर नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूला तिरपा रंगीत पट्टा ओढलेला असतो. दुसरी खूण बाजूवर रंगवलेल्या अक्षराची आहे. नौदलाच्या जहाजावर 'डी' असेल तर विनाशिका, 'एफ' असेल तर फ्रिगेट (विनाशिकेहून थोडी लहान युद्धनौका), 'पी' असेल तर गस्ती किंवा लहान लढाऊ जहाज, आणि 'जे' असेल तर सर्वेक्षण जहाज. मुलांना ही चार अक्षरे आधी सांगून ठेवावीत. धक्क्यावर पोहोचल्यावर ती स्वतःच ओळखू लागतात आणि मग त्यांना आवरणे कठीण जाते.

गस्तीच्या जहाजाचे काम समजून घ्यायचे तर किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर पसरलेला आपला आर्थिक क्षेत्राचा पट्टा, म्हणजे जेथील मासळी आणि तेलावर आपला हक्क आहे तो समुद्र, डोळ्यांसमोर आणावा. त्यातच मुंबई हाय आहे. तेथे १९७४ साली तेल सापडले आणि ते राखण्याची गरज त्याच काळात तीव्र झाली. चोरटी आयात तर त्याआधीपासूनच चालू होती. या कामांसाठी नौदलाच्या महागड्या युद्धनौका गुंतवून ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून १९७७ साली तटरक्षक दल उभे राहिले. या दलासाठी माझगाव डॉकने 'विक्रम' वर्गाची गस्ती जहाजे बांधली आणि त्यांतील पहिले १९८३ साली दाखल झाले. पुढे बराच काळ माझगावचे नाव विनाशिका आणि पाणबुड्या यांच्याशीच जोडलेले राहिले. आता गस्ती जहाजांचे काम पुन्हा येथे आले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सहा नव्या पिढीच्या खोल समुद्रातील गस्ती जहाजांचा आणि जानेवारी २०२४ मध्ये चौदा वेगवान गस्ती नौकांचा करार संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी केला. ड्रोन आणि दूरनियंत्रणाने चालणारी जीवरक्षक साधने ही या जहाजांची वैशिष्ट्ये सांगितली जातात.

संशोधन आणि सर्वेक्षणाची नवी जहाजे मात्र मुंबईची नव्हेत. 'संधायक' हे मोठे सर्वेक्षण जहाज कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याने बांधले आणि ते ३ फेब्रुवारी २०२४ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात आले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'निर्देशक' आले. ध्रुवीय व समुद्र संशोधनाच्या गोव्यातील राष्ट्रीय केंद्रासाठी २०२४ साली ठरलेले संशोधन जहाजही कोलकात्यालाच बांधायला दिले आहे. त्यामुळे 'माझगावला जाऊन संशोधन जहाज पाहू' असा बेत आखला तर निराशा पदरी येईल. मुंबईत अशी जहाजे पाहुणी म्हणून येतात. त्या दिवसांची बातमी ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. कायम वस्तीला असलेली जवळची नातलग म्हणजे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेची जहाजे. संस्थेचे मुख्यालय मुंबईत आहे आणि तिची जहाजे ससून डॉकला लागतात. तोफ नाही, थाट नाही, वर मासळीचा वास. तरीही जाळे ओढण्याची रहाटे आणि समुद्राच्या पाण्याचे नमुने घेण्याची साधने इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसतात. मला विचाराल तर ज्याला खरोखर संशोधन जहाज समजून घ्यायचे आहे त्याने सुरुवात येथूनच करावी.

परवानगी

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या युद्धात त्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता, त्याची ही आठवण. अलीकडे मुख्य सोहळा दरवर्षी वेगवेगळ्या किनाऱ्यावर होतो (२०२३ साली तो आपल्या मालवणजवळ झाला होता), परंतु मुंबईत नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास जहाजे लोकांसाठी खुली करण्याची प्रथा आहे. बहुधा आधीचे दिवस शाळांना आणि नंतरचे सर्वांना असा क्रम असतो. तारीख, वेळ आणि कोणत्या फाटकाने आत जायचे हे वर्तमानपत्रांत व नौदलाच्या समाजमाध्यमांवर जाहीर होते. ते नीट वाचून त्याप्रमाणेच जावे, कारण मागच्या वर्षीचे फाटक यंदा असेलच असे नाही. तटरक्षक दलाचा वर्धापन दिन १ फेब्रुवारीला असतो, आणि त्या दिवसांच्या आसपास त्यांच्या कार्यक्रमांकडे लक्ष ठेवावे. त्यांचे पश्चिम विभागाचे मुख्यालय वरळीला आहे.

माझगावच्या कारखान्यात एकट्यादुकट्याने आत शिरण्याची सोय नाही असेच धरून चालावे. शाळा, महाविद्यालय, अभियंत्यांची संघटना अशा संस्थेच्या नावाने, संस्थेच्या कागदावर, प्रमुखाच्या सहीने अर्ज करावा लागतो. त्यात येण्याचे कारण, गटातील प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, ओळखपत्राचा तपशील आणि सोबत येणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा संपर्क असावा. दोन-तीन पर्यायी तारखा द्याव्यात. अर्ज किमान महिना-दीड महिना आधी पोहोचेल असे पाहावे. आयत्या वेळी नावे बदलू नयेत हे मी मुद्दाम सांगतो: एका महाविद्यालयाच्या गटात दोन मुलांऐवजी त्यांचे मित्र आले, त्यांची नावे यादीत नव्हती, आणि पहारेकऱ्याशी अर्धा तास हुज्जत घालूनही ते दोघे बाहेरच राहिले. चूक पहारेकऱ्याची नव्हती. गटात परदेशी नागरिक असेल तर तसे अर्जातच लिहावे, कारण त्याची परवानगी निराळ्या मार्गाने जाते आणि तिला पुष्कळ वेळ लागतो. कारखान्याच्या आवारातच 'धरोहर' नावाचे वारसा संग्रहालय आहे. जहाजाच्या प्रतिकृती पाहून मग खऱ्या जहाजाकडे गेले तर बरेच समजते, म्हणून अर्जात त्याचाही उल्लेख करावा.

जाण्याचा दिवस

मूळ ओळखपत्र खिशात हवे, झेरॉक्स चालेल या भरवशावर राहू नये. मोबाइल, कॅमेरा, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह आणि मोठी पिशवी या वस्तू घरी ठेवाव्यात. पहिल्या खेपेला मी मोबाइल घेऊन गेलो आणि तो ठेवायला फाटकाशी काहीच सोय नव्हती. शेवटी भाच्याला रांगेत उभे करून मी फोर्टातल्या एका ओळखीच्या स्टेशनरीवाल्याकडे फोन ठेवून धावत परत आलो, तोवर आमची तुकडी आत गेली होती. पुढच्या तुकडीसाठी आम्ही सव्वा तास उन्हात उभे होतो. फोन नसल्यावर बाहेर भेटायचे कोठे हेही आधी ठरवावे लागते. 'गेटपाशी भेटू' एवढ्यावर भागत नाही, कारण आत एका फाटकाने गेलेला माणूस कधी कधी दुसऱ्याने बाहेर पडतो.

पायांत बूट हवेत. चप्पल, सँडल आणि उंच टाचा यांना जहाजावर जागा नाही. शिड्या जवळजवळ उभ्या असतात, पायऱ्या लोखंडी जाळीच्या असतात आणि दारांचे उंबरे घोट्याच्या वर येतात. साडी किंवा ओढणी घेऊन गेल्यास वर चढताना फार ओढाताण होते, सलवार-कुर्ता किंवा पँट बरी. कारखान्यात जाणार असाल तर सुती कपडे घालावेत, कारण जोडकामाच्या ठिणग्या उडतात आणि नायलॉनसारखे कापड चटकन वितळून कातडीला चिकटते. पाण्याची छोटी बाटली चालेल की नाही हे अर्जाच्या उत्तरात विचारून घ्यावे. न्याहारी मात्र भरपूर करून निघावे.

फोर्टात जायचे असेल तर सीएसएमटी किंवा चर्चगेटहून चालत वीसेक मिनिटे लागतात, भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानकही जवळ आहे. माझगावला हार्बर मार्गाने डॉकयार्ड रोडला उतरावे, सीएसएमटीकडून ते तिसरे स्थानक. गोरेगाव-अंधेरीकडच्यांना हार्बरची थेट लोकल मिळते. रविवारी निघत असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहावे. हार्बरचा ब्लॉक नेमका आपल्या वेळेला येण्याची शक्यता दांडगी असते. पार्किंगचा विचारच सोडून द्यावा.

जहाजावर पाय ठेवल्यावर

धक्क्यावरून जहाजावर जायला फळीची शिडी लावलेली असते. तिचा उतार दिवसभर बदलतो, हे आधी कोणी सांगत नाही. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि जहाज पाण्याबरोबर वरखाली होते. एकदा आम्ही सकाळी भरतीला गेलो तेव्हा शिडी चांगली चढाची होती. दुपारी उतरायला आलो तर तीच शिडी जवळपास सपाट झाली होती आणि जहाज बांधलेले दोर पुन्हा ओढून घेण्याचे काम खलाशी करत होते. सोबत वयस्क माणूस असेल तर भरतीची वेळ पाहून जावे, एवढाच यातला व्यवहार.

वर गेल्यावर बहुतेक लोक नाळेकडे, म्हणजे तोफेकडे वळतात. तुम्ही मागच्या डेककडे वळा. लढाऊ जहाजाचे खरे सामर्थ्य बंद दारांआड आणि झाकणांखाली असते, ते पाहुण्याला कोणी दाखवत नाही आणि दाखवूही नये. गस्तीचे आणि संशोधनाचे जहाज मात्र आपले काम उघड्या डेकवर करते, त्यामुळे पाहणाऱ्याला तेथे खरोखर काही कळते.

गस्ती जहाजाच्या दोन्ही बाजूंना रबरी कडांच्या वेगवान होड्या टांगलेल्या असतात. त्या कशा सोडतात, किती वेळात सोडतात, खवळलेल्या समुद्रात आकडा सोडवणारा माणूस कोठे उभा राहतो, हे विचारावे. संशयित बोटीची झडती घ्यायला जहाज स्वतः जात नाही, ही होडी जाते. बुडणाऱ्या मच्छीमाराला वर घेणेही तिचेच काम. मागे हेलिकॉप्टर उतरण्याची जागा असते आणि डेकवर त्याला जखडून ठेवायच्या खोबणी असतात. आग विझवण्याच्या पाण्याच्या तोफा, बंद पडलेले जहाज ओढून नेण्याचा आकडा, तेलगळती अडवण्याची तरंगती नळी, यांपैकी काय काय त्या जहाजावर आहे ते पाहावे. वरच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, गेलात तर सुकाणूचे चाक पाहून हसू येईल, ते अनेकदा मोटारीच्या चाकापेक्षाही लहान असते.

संशोधन किंवा सर्वेक्षण जहाजावर मागच्या टोकाला इंग्रजी 'ए' अक्षरासारखी मोठी लोखंडी चौकट असेल तर तिच्यापाशी थांबा. ती पुढेमागे झुकते आणि जड उपकरण जहाजाच्या अंगावर न आपटता पाण्यात उतरवते. शेजारच्या रहाटावर हजारो मीटर तार गुंडाळलेली असते. खोलीनुसार पाण्याचा खारटपणा आणि तापमान मोजणारे यंत्र तिच्या टोकाला बांधून खाली सोडतात. त्याच्याभोवती उभ्या बाटल्यांचे कडे असते आणि ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद होते. एका जहाजावर तिथल्या तंत्रज्ञाने आम्हाला अशी एक रिकामी बाटली हातात दिली होती. दोन्ही तोंडांची झाकणे आतून ताणलेल्या रबराने जोडलेली, खटका दाबला की थाड्कन बंद. भाच्याने ती नऊ वेळा बंद केली. तळाचा नकाशा काढणारे ध्वनियंत्र जहाजाच्या पोटाखाली असल्याने दिसत नाही, पण त्याची पडद्यावरची रंगीत चित्रे दाखवतात का ते विचारावे. अशा जहाजांवर इंजिनाचा आवाज मुद्दाम दाबलेला असतो, कारण जहाजाचीच घरघर खालून येणारा प्रतिध्वनी बिघडवते. इंजिन खोलीत नेले तर यंत्रांखालच्या रबरी बैठका पाहायला विसरू नये.

कारखान्यात काय पाहावे

माझगावला आत गेल्यावर हेल्मेट आणि सोबतचा माणूस यांपासून दूर जायचे नाही, पिवळ्या रेघेच्या आत चालायचे आणि क्रेनला ओझे लटकत असेल तर त्याच्याखालून जायचे नाही. जोडकामाच्या निळ्या उजेडाकडे एक क्षणही टक लावून पाहू नये, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते.

जहाज तळापासून वर एकेक पत्रा लावत बांधतात अशी आपली समजूत असते. आता तसे होत नाही. पत्रे कापून जहाजाचे मोठाले तुकडे शेडमध्ये वेगवेगळे तयार करतात, बऱ्याचदा उलटे ठेवून, कारण छताकडे हात वर करून जोडण्यापेक्षा खाली वाकून जोडणे सोपे आणि पक्के होते. नळ्या आणि तारांची बरीच कामे त्यातच उरकतात आणि मग अजस्र क्रेनने तुकडे उचलून एकमेकांना जोडतात. दोन तुकड्यांचा सांधा दिसला तर जवळ जाऊन पाहा. रंग देण्यापूर्वी तेथे खडूने लिहिलेल्या खुणा आणि तपासनिसांच्या सह्या असतात.

तुम्हाला दिसणारे जहाज कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारल्याशिवाय परतू नये. नारळ फोडून, वेदमंत्र म्हणून जलावतरण झाले की जहाज तयार झाले असे बाहेर वाटते. नवी 'निलगिरी' सप्टेंबर २०१९ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात गेली जानेवारी २०२५ मध्ये. मधली पाचाहून अधिक वर्षे आतली यंत्रे, तारा, शस्त्रे बसवण्यात आणि समुद्रातील चाचण्यांत गेली. धक्क्याला लागलेले, सुंदर रंगवलेले जहाज आतून अजून पोकळ असू शकते.

परवानगी मिळालीच नाही तर

तरीही सगळे संपत नाही. गेटवेहून मांडवा किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसले की नौदलाची उभी जहाजे बऱ्यापैकी दिसतात, आणि भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याला किंवा रेवसला जाताना माझगावच्या बाजूचे पाणी नजरेत येते. दुर्बीण बाळगण्याचा आणि जहाजांचे फोटो काढण्याचा मोह टाळावा. सुरक्षेच्या जागांचे छायाचित्रण हा गुन्हा ठरू शकतो आणि लाँचवाल्यालाही त्रास होतो. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२० साली बांधलेले बॅलार्ड बंदर गेटहाउस आहे, तेथे नौदलाचे छोटे सागरी संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी ते उघडे असल्याची खात्री करून घ्यावी.

आणि वेळ उरला तर डॉकयार्ड रोडनंतरच्याच रे रोड स्थानकाला उतरून दारूखान्याच्या बाजूने चक्कर मारावी. नाव दारूगोळ्याच्या कोठारावरून पडले, काम जहाजे मोडण्याचे. आपली पहिली विमानवाहू 'विक्रांत' २०१४ साली येथेच तोडायला आणली होती. रस्त्याच्या कडेच्या दुकानांतून मोडलेल्या जहाजांची दारे, घड्याळे, पितळी दिवे आणि कॅप्टनच्या खोलीतली कपाटे विकायला मांडलेली असतात. भाव पहिल्या सांगण्यात कबूल करू नये.